रहीम पिंजाऱ्याच्या लेकीला

अन्याय झाला तो शेख रहीम यांच्यावर. जुन्या जालन्यातले पिंजारी. झाला तो मागच्या वर्षी, पोळ्यानंतरच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, गावच्या वस्तुसंग्रहालयाच्या नव्या दालनाची फीत कापली तेव्हा. ज्या पिंजणीवर या माणसानं कापूस पिंजला आणि अर्ध्या गावाला गाद्या भरून दिल्या, ती पिंजण काचेआड टांगली होती आणि खाली पाटी होती: 'लढाऊ धनुष्य व गदा. निजामी फौजेतील तिरंदाजाच्या वंशजांकडून सप्रेम भेट.' रहीमचाचांना जाऊन जमाना झालेला. उठून 'खोटं आहे' असं त्यांना म्हणता येत नव्हतं. आणि ज्यांना म्हणता येत होतं त्या तुम्ही, आपा, तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

अजून तुमचा चाळिसावाही झालेला नाही आणि मी हे असं लिहितेय. गल्लीतल्या दोघीतिघी म्हणाल्याच, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं बोलावं. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, 'मेलेल्याचं चांगलंच बोलायचं असंल तर मंग इतिहास शिकवायचा कशाला? नुसते हार घालायचे.' म्हणून हार घालत नाही. सांगते.

आपली पहिली भेट भांडणाचीच. बसस्टँडवर बायकांसाठी धड मुतारी नाही म्हणून मी पत्रक काढलं होतं आणि खळीचा डबा घेऊन मस्तगडपासून दारोदार डकवत निघाले होते. तुमच्याही दारावर डकवलं. खळ वाळायच्या आत दार उघडलं. उर्दू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, अख्खी गल्ली जिला आपा म्हणते अशी बाई चष्मा कपाळावर चढवून माझं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचत उभी.

'मागणी बराबर आहे,' तुम्ही म्हणालात. 'पण शेवटी हे काय लिवलंस? प्रशासनाने दखल घ्यावी? दखल घेतली म्हंजे काय केलं? मुतारी पायजे तर मुतारी माग ना.'

'तसं लिहायची पद्धत असते.'

'पद्धत कुणाची? मुतारी न बांधणाऱ्यांची. कुठली गं तू?'

'परतूरची.'

'तरीच. तुम्ही लोक टेसनावर गाडी यायच्या आधीच ओरडायला लागता.'

त्या दिवसापासून माझं नाव परतूरवाली. महिन्याभरात मी तुमच्या वरच्या खोलीत राहायला आले. माझ्या एकाही पत्रकात त्यानंतर 'दखल' हा शब्द आलेला नाही.

रविवार सकाळ आपली ठरलेली. संग्रहालय उघडायच्या वेळेला आपण दारात हजर. वॉचमन आपल्याला बघून आत ओरडायचा, 'साहेब, तपासणीवाल्या आल्या!' तुम्ही प्रत्येक पाटीपुढे थांबायच्या, पाटी मोठ्यानं वाचायच्या, आणि वर्गात विचारावेत तसे तीन प्रश्न विचारायच्या. हे कोणी बनवलं? कोणी वापरलं? आणि तुम्हाला कोणी सांगितलं? पहिल्या दोन प्रश्नांना अभिरक्षक साहेब काहीतरी उत्तर द्यायचे. तिसऱ्याला त्यांना खोकला यायचा. भला माणूस. कोल्हापूरकडचा, इथं बदलून आलेला. आपण आलो की खुर्ची सोडून आपल्याबरोबर फिरायचा, हे मी कबूल करते.

एका दालनात तलवारी होत्या. दुसऱ्या दालनात आणखी तलवारी. तिसऱ्यात ढाली, म्हणजे तलवारीचीच दुसरी बाजू. कट्यारी, चिलखतं, नाणी, दोन-चार पगड्या. कापसाचं गाव, धान्याची एवढी मोठी पेठ, आणि अख्ख्या संग्रहालयात एक विळा नाही, एक सूप नाही, एक माप नाही. मी चिडून म्हटलं होतं, 'जालना सोने का पालना म्हणतात. पाळणा हलवणारा हात कुठंय इथं?' तुम्ही थबकलात. 'हे चांगलं आहे. पत्रकात टाक.' तुमच्याकडून शाबासकी मिळायची ती एवढीच, आणि मला ती आठवडाभर पुरायची.

नवीन दालन उघडल्यावर दुसऱ्याच रविवारी आपण गेलो. प्रत्येक पाटीपुढे तुमचे तीन प्रश्न झाले. त्या 'धनुष्या'पुढे मात्र तुम्ही थांबला नाहीत. काचेकडे न बघता पुढे गेलात.

'आपा, इथं प्रश्न न्हाई?'

'पाय दुखून राह्यले. चल.'

मी मान्य केलं. तुमच्या वयाला पाय दुखतात.

मग दिवाळीच्या तोंडावर माझी आई परतूरहून चष्म्याचा नंबर काढायला आली. नवा चष्मा लावलेल्या आईला घेऊन मी संग्रहालयात गेले, म्हटलं बघ आता सगळं. ती तलवारी बघत बघत जांभया देत होती. त्या काचेपुढे आली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

'अगं बाई, ही तर पिंजाऱ्याची पिंजन! दिवाळीच्या आदी खांद्यावर टाकून दारात यायचा. ही ताणलेली दोरी म्हंजे तात, अन्‌ ह्या दस्त्यानं तातेवर हानायचं, की कापूस कसा फुलून वर यायचा. गदा म्हनं! अन्‌ धनुष्य असंल तर वाकायला नको? हा तर सरळ सोट वासा. ह्यानं बाण मारला तर बाण जागच्या जागी पडंल.'

वॉचमनही हसला. मी हसले नाही. मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. पत्रकासाठी असा विषय हाताला लागणं म्हणजे भाग्य. कामाचं एकच हत्यार या संग्रहालयात आलं आणि तेसुद्धा लढाईचं हत्यार करून टाकलं! घरी येऊन दुपारभर बसून लिहिलं. मथळा: 'कापसाच्या गावात पिंजणीचं धनुष्य!' खाली अभिरक्षकापासून फीत कापणाऱ्यापर्यंत एकेकाला धुतला होता. जिना उतरून तुमच्याकडे आले. तुम्ही मेथी निवडत होता. वाचलंत. दोनदा वाचलंत. एकही काना-मात्रा दुरुस्त केला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

'छापायला दिलं?'

'उद्या देते.'

'नक्को देऊ. याच्यात तू साहेबाला गाढव म्हणलीस. तो गाढव न्हाई. त्याला जे सांगितलं ते त्यानं लिवलं. सांगणारा माझा भाऊ आहे. नईम.' मेथीची जुडी तुम्ही खाली ठेवलीत. 'ती आमच्या अब्बांची पिंजण आहे, परतूरवाली.'

नईमभाई, तुमचे धाकटे भाऊ. कापडाचं दुकान. घरावर मजला चढवताना माळ्यावरून पिंजण खाली आली. भंगारात द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि घरात ठेवायचं म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावं लागणार. त्यांच्या लेकीचं, सबाचं लग्न जमत होतं. पलीकडचे लोक हैदराबादचे, खानदान विचारणारे. मग नईमभाईंनी पिंजण संग्रहालयाला देऊन टाकली आणि सोबत एक खानदानही दिलं: आमचे पुरखे तिरंदाज होते.

त्या दुपारी तुम्ही जे बोललात ते मी जन्मात विसरणार नाही. अब्बा गावोगाव जायचे, घरी आले की भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, आणि तुम्हाला लहानपणी वाटायचं सगळ्यांचे अब्बा संध्याकाळी म्हातारे होऊन येतात. शाळेच्या रस्त्यानं ते गिऱ्हाईक शोधत निघाले की तातेवर टिचकी मारत जायचे. तो आवाज वर्गात आला की मुली तुमच्याकडे बघून कापूस उडवल्यासारखे हात करायच्या, आणि तुम्ही पुस्तकात तोंड घालायच्या. 'त्याच तातेनं माझी फी भरली,' तुम्ही म्हणालात. 'नोकरीभर पोरींना जालन्याचा कापूस शिकवला मी. सरकी शिकवली, गाठी शिकवल्या, जिनिंग, रेल्वे, सगळं. पिंजारी शिकवला न्हाई कधी. एकदापण न्हाई.'

आणि तेव्हाच ते सांगितलंत. घर एका खोलीचं. अब्बा पिंजण भुईवर ठेवायचे ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घरातल्या कुणी ती ओलांडायची नाही. पाणी प्यायचं असलं तरी वळसा घालून जायचं, वळशाला जागा नसली तर अम्मीला हाक मारायची, ती एक टोक उचलून धरायची. तात ओलांडली की बरकत ओलांडली. कुणी विसरलं तर अब्बा कान पिळायचे. बाकी कधी हात उचलला नाही त्या माणसानं.

मी विचारलं, 'आता?'

'पत्रक ठेव बाजूला. आधी मी जाते.'

शाळेत जायची ती इस्त्रीची निळी साडी नेसून तुम्ही दुसऱ्या दिवशी निघालात. मी मागे. साहेबांच्या खोलीत तुम्ही बसला नाहीत. उभं राहून सांगितलंत, 'ती कमान न्हाई, धनुष्य न्हाई. पिंजण आहे. माझ्या वडिलांची. ते पिंजारी होते.' साहेबांनी आधी पेन शोधलं, मग पाणी मागवलं, मग म्हणाले, 'मॅडम, देणगीदारांनी वेगळं लिहून दिलंय. त्यांना बोलावतो.' नियमाला धरूनच होतं. त्यांनी पिंजण उतरवायला लावली आणि नीट बघता यावी म्हणून भुईवर ठेवली. खोली अरुंद, दोन्ही बाजूला कपाटं. पिंजणीनं अख्खी खोली मधोमध कापली. वॉचमन तिच्यावरून इकडून तिकडे गेला. साहेब गेले. मीसुद्धा टांग टाकली, लक्षात आलंच नाही. तुम्ही मात्र दारापाशी होता तिथंच उभ्या.

नईमभाई दुकानातून तसेच आले. गळ्यात कापड मोजायची टेप.

'आपा, घर की बात घर में.'

'घरात होती तवर मी गप होते. काचेत कुणी लावली?'

'सबाचं जमून राह्यलंय. तुम्हाला बराबर आत्ताच याद आली?'

'मला रोज याद आहे.'

'साहेब, ये जंग की कमान है. हमारे पुरखे फौज में थे. मैंने लिख के दिया है, बस.'

साहेब हळूच म्हणाले, 'तुम्ही दोघं एकाच वडिलांची मुलं ना?'

'त्यांना विचारा!' नईमभाई तुमच्याकडे बोट करून ओरडले. साहेब पिंजणीच्या पलीकडच्या अंगाला उभे. त्यांनी गदेवर, म्हणजे दस्त्यावर बोट ठेवून विचारलं, 'बरं, हे कसं धरायचे ते तरी इकडं येऊन दाखवा.' नईमभाई तरातरा निघाले. तातेपाशी आले. पाय उचलला. आणि तो पाय, आपा, तसाच थांबला.

नईमभाईंनी पाय मागे घेतला. वळले. दारातून बाहेर गेले, व्हरांडा चालून पलीकडच्या दारानं आत आले आणि साहेबांच्या शेजारी उभे राहिले. तोपर्यंत त्यांनाही कळलं होतं आपण काय केलं ते.

'जंगची कमान आहे ना, नईम?' तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. 'मंग ओलांडायची होतीस.'

नईमभाई स्टुलावर बसले. टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळत राहिले. 'अब्बा कान पिळते थे,' एवढंच म्हणाले, तेही कुणाला नाही.

मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं तुमच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीतरी दिसेल. तुम्ही भावाकडे अशा बघत होता की मला खोलीतून बाहेर जावंसं वाटलं.

पण सही त्यांनी केली नाही. 'सबाचं होऊ द्या, मंग बघू,' म्हणून उठून गेले. साहेब म्हणाले, देणगीदाराच्या सहीशिवाय पाटी बदलता येत नाही. पिंजण परत काचेत. धनुष्य म्हणूनच.

यानंतर मी पत्रक छापायला निघाले होते, आणि तुम्ही अडवलंत. मला पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. पण तुमची तऱ्हा वेगळी होती. त्या हिवाळ्यात शाळेनं निरोप समारंभाला तुम्हाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ओळख करून देताना 'एका नामवंत घराण्यातून आलेल्या' असं म्हटलं. तुम्ही माइकपाशी गेलात आणि पहिलंच वाक्य: 'मी रहीम पिंजाऱ्याची लेक. नामवंत घराणं ते हेच.' पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही पिंजणीबद्दल बोलायला लागलात, कापसाची गाठ कशी सुटते, तात कशाची असते, धुळीनं छाती कशी भरते. कधी न शिकवलेला धडा उभ्या उभ्या शिकवलात. संपल्यावर मागच्या बाजूनं एक मुलगी बाकावर चढली आणि ओरडली, 'आपा, हम भी पिंजारी!' मग हशा, मग टाळ्या. या टाळ्या मात्र रहीमचाचांच्या होत्या. मी सभा खूप पाहिल्यात, घोषणा खूप दिल्यात. छाती भरून येणं काय असतं ते मला त्या मंडपात कळलं.

घरी येताना गल्लीतल्या एका बाईंनी टोकलं, 'इस उमर में क्या जरूरत थी, आपा?' तुम्ही म्हणालात, 'जरूरत होती तवा हिंमत नव्हती. आता दोन्ही आहेत.'

आपला वाद राहूनच गेला. सही मिळालीच तर जुन्या पाटीचं काय करायचं? मी म्हणायचे, फोडा. तुम्ही म्हणायच्या, राहू दे, तिच्या शेजारी खरी लाव.

'खोटं काचेत ठेवलं की लोकांना खरं वाटतं, आपा.'

'चूक पुसून टाकली की लोकांना वाटतं चूक झालीच न्हाई. मंग पुढच्या वेळी पाटी वाचून गुमान मान हलवतात. त्यांना दिसू दे की काचेतलंपण चुकतं.'

'लोक एकच पाटी वाचतात.'

'मंग खरी वर लाव.'

'मग खोटी कशाला?'

भाकरी थापताना हा वाद, कपडे वाळत घालताना हा वाद, अंगणात ऊन खाताना हाच. एकदा तुम्ही रागानं मला वरच्या खोलीचं कुलूप घालायची धमकी दिलीत आणि तासाभरानं वाटीभर खीर पाठवलीत. वाटीसोबत निरोप: 'खोटी पाटी राहणार.'

मग तुम्ही गेलात. कसं, कुठल्या दवाखान्यात, ते लिहीत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. घरात बाया बसल्या होत्या, कुराण चाललं होतं. माझी आई परतूरहून आली आणि कुणाशी न बोलता तुमच्या चुलीपाशी जाऊन बसली, चहाची पातेली बघायला लागली. मला रडू आलं ते तिला तिथं बसलेली बघून.

भेटायला हैदराबादचे लोकही आले, सबाच्या स्थळाकडचे. सबा पाणी घेऊन गेली. तिच्या होणाऱ्या सासूनं विचारलं, या गेलेल्या तुमच्या कोण. 'फुफी,' सबा म्हणाली. 'और हमारे दादा पिंजारी थे. फुफी सबको बताती थीं. आपको अब्बू ने नहीं बताया होगा.' मी दारात होते, आपा. तुम्ही हव्या होता. बाईंनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला, दुआ म्हटली आणि गेल्या. अजून फोन नाही. सबा म्हणते, 'उनको नक्को तो मेरेकू भी नक्को.' ती कॉलेजला जाते, जेवते, हसतेसुद्धा. नईमभाई मात्र दोन दिवस दुकानात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी संग्रहालयात जाऊन सही करून आले. लपवायला काही उरलंच नव्हतं. पाटी बघायला ते अजून गेलेले नाहीत. मी त्यांना काही म्हणत नाही. ज्या माणसाचा पाय तातेवर थांबला त्याला मी खोटारडा म्हणणार नाही.

साहेबांनी मला विचारलं, जुनी पाटी काढू का? मी जुनी पाटी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. मग म्हटलं, आपांचं ऐका, खरी वर लावा, खोटी खाली राहू द्या. याचा अर्थ मी हरले असा घेऊ नका. वाद मिटलेला नाही. तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून मला जिंकता आलं असतं, आणि असली जीत मला नको होती, एवढंच.

वरची पाटी अशी आहे: 'पिंजण. कापूस पिंजण्याचं हत्यार. बनवणारा: माहीत नाही. वापरणारे: शेख रहीम, पिंजारी, जुना जालना. सांगणारी: त्यांची लेक.'

तुमचे तिन्ही प्रश्न, आपा. एकाचं उत्तर नाही, तर नाही म्हणून लिहिलंय. या जिल्ह्यात इतकी खरी पाटी मी दुसरी पाहिली नाही आणि तिच्यासमोर उभं राहिल्यावर माझी मान आपोआप ताठ होते.

एक तुम्हाला विचारायचं राहिलं. त्या फितीच्या दिवशी टाळ्या का वाजवल्यात? शेजारी भाऊ बसला होता म्हणून? की खोट्या नावानं का होईना, अब्बा काचेत गेले म्हणून? मला दुसरं वाटतं. पण तुम्ही लगेच विचाराल, तुला कोणी सांगितलं? कोणी नाही. म्हणून ते तसंच ठेवते.

आता पुढचं. साहेबांनी पिंजण हत्यारांच्या दालनातून काढून एका मोकळ्या भिंतीवर लावली आणि म्हणाले, ही अख्खी भिंत कामाची. आणा अजून. मी निघाले दारोदार. जुना जालना, मग तिकडं परतूर. काय ऐकलं? 'आमच्यात तसलं काई नव्हतं.' 'आमचे आजोबा कारभारी होते.' 'हत्यारं? भंगारात दिली बाई.' एका घरात मागं रंगाची कुंडं उपडी दिसत होती, तरी म्हणाले आम्ही मूळचे सरदार. या एका जिल्ह्यात एवढे सरदार होते तर कापड कोण रंगवत होतं, चपला कोण शिवत होतं, घाणा कोण हाकत होतं?

आणि मी तरी कुणाला बोलू? आमच्या घरी सांगतात, आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. खोटं. माझे पणजोबा सालगडी होते. दुसऱ्याच्या वावरात राबले, दुसऱ्याच्या गोठ्यात झोपले. जमीन नंतर आली. त्यांचं घोंगडं आईनं पेटीत ठेवलंय, ते मी मागितलं. वडिलांचा, आमच्या दादांचा फोन आला, 'गावात तोंड दाखवायची सोय ठेवशील का न्हाई?' मी म्हटलं, 'दादा, त्यांनी तोंड कधी लपवलं न्हाई. आपण लपवून राह्यलो.' फोन ठेवला त्यांनी. घोंगडं आईनं दिलं. 'किसन, सालगडी, परतूर तालुका. सांगणारी: पणती.' पिंजणीच्या शेजारी लागलंय. त्या माणसाचं नाव भिंतीवर बघताना मला जे वाटलं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही, आपा.

दोन वस्तू. बाकी भिंत रिकामी.

तर आता हे वाचणाऱ्या तुम्हाला. हळहळ नको. 'छान लिहिलंय' असा निरोप नको. तुमच्या घरात कुणीतरी हातानं काम करत होतं. तुम्हाला माहीत आहे कोण, आणि काय. माळ्यावर चढा. पेटी उघडा. चामडं कापायची रापी असेल, करवत असेल, मडकी घडवायचा थापा असेल, झाडूसुद्धा चालेल. येत्या रविवारी संग्रहालय उघडायच्या वेळेला घेऊन या. मी दारात उभी असेन. त्या माणसाचं नाव सांगा, त्याच्या कामाचं नाव सांगा, मोठ्यानं सांगा, आणि सांगणारा म्हणून खाली स्वतःची सही करा.